डीपीतलं परवडणाऱ्या घरांचं आरक्षण टिकवायचं कसं: सूचना, सुनावणी आणि त्यानंतरचा पाठपुरावा

शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, एखादा भूखंड ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या, घरांसाठी राखला गेला की आजूबाजूच्या सोसायट्यांत बैठका सुरू होतात. एकच मजकूर झेरॉक्स होतो, फ्लॅटाफ्लॅटातून सह्या येतात आणि नगररचना विभागात हरकतींचा गठ्ठा जाऊन पडतो. ज्यांना त्या घरांत राहायचंय ते शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत असतात. त्यांच्यापर्यंत नोटीस पोचतच नाही. फाइलमध्ये विरोधाचे शेकडो कागद आणि पाठिंब्याचा एकही नाही, अशी स्थिती झाली की आरक्षण उठवणं हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला सोपं जातं.

यावर उपाय एकच. पाठिंबाही लेखी, मुदतीत आणि नकाशासकट द्यायचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खालची नोटीस ‘हरकती व सूचना’ मागवते. पाठिंबा हीसुद्धा सूचनाच असते. सूचना देणारा त्या भागातला रहिवासी, जमीनमालक किंवा करदाता असायला हवा, अशी अट कायद्यात नाही. त्या सोसायट्यांत घरकामाला दीड तासावरून येणारी बाई सूचना देऊ शकते. त्या भागात स्वस्त घर का हवं, हे तिच्या रोजच्या प्रवासाच्या वेळेतून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशातून होत नाही. तिला अर्ज लिहायला मदत करा, पण सही आणि पत्ता तिचाच ठेवा.

नोटीस कोणत्या कलमाची, ते आधी पाहा

कलम 26 ची नोटीस नव्या प्रारूप आराखड्याची असते आणि तिचा गाजावाजा होतो. कलम 31 खाली शासन आराखडा मंजूर करताना मोठे बदल सुचवतं, तेव्हा तेवढा भाग वगळून त्यावर पुन्हा एक महिना हरकती-सूचना घेतल्या जातात. सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं ते कलम 37 वर. मंजूर डीपीतला एखादाच भूखंड बदलायची ही वाट आहे. ‘स.नं. अमुक, ईडब्ल्यूएस आरक्षण वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे’ अशा चार ओळी राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक टायपात येतात, महिना सरतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. या कलमाखालच्या फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये, असं कायदाच सांगतो. त्या प्रभागातलं गरिबांच्या घरांचं ते एकमेव आरक्षण असेल, तर हा मुद्दा सूचनेत पहिला मांडा.

मुदत नोटिशीत छापलेली असते. ती कुठल्या तारखेपासून मोजायची, राजपत्राच्या की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या, हे नोटीस वाचून ठरवा. शंका असेल तर आधीची तारीख धरा.

जागेची ओळख चुकली तर सगळंच वाया

सर्वांत जास्त सूचना इथे बाद होतात. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा असतो, शहर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रकावर सीटीएस नंबर असतो आणि डीपीच्या शीटवर आरक्षण क्रमांक वेगळाच असतो. तिन्ही लिहा. जुना सर्व्हे नंबर कोणत्या सीटीएसमध्ये गेला ते नगर भूमापन कार्यालयात कळतं. महापालिकेकडून त्या जागेचा झोन दाखला, म्हणजे जागा डीपीत कोणत्या विभागात आहे ते सांगणारा कागद, आणि भाग नकाशा घ्या. मुंबईत त्यासाठी डीपी रिमार्क घ्या. माहिती अधिकारात उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत असते, म्हणजे तोवर तुमचीच मुदत संपेल. बऱ्याच महापालिकांत सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात, ती सोय वापरा. प्रारूपाचा खंड आणि शीट तिथेच उघडून आरक्षणाचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये उतरवून घ्या.

मग जागेवर जा, टेप घेऊन. रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी मोजा, कारण नकाशातला 12 मीटरचा रस्ता जागेवर पुष्कळदा 7 मीटरचा निघतो. मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर 2020 ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. त्या नियमावलीत महापालिका क्षेत्रात मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, 1.10 आहे आणि 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. अरुंद रस्त्यावरच्या आरक्षणात त्यामुळे घरं कमी बसतात, आणि विरोधकांना ‘रस्ताच नाही’ हा खरा मुद्दा मिळतो. अशा वेळी सूचनेत आरक्षणासोबत रस्तारुंदीही मागा.

पूररेषा पाहा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरांचं आरक्षण पडलं असेल तर त्याला पाठिंबा देऊ नका. त्याच प्रभागात दुसरी जागा मागा. नाला, उच्चदाब वाहिनी आणि शेजारचे कारखानेही पाहा. हे ठासून सांगावं लागतं, कारण गरिबांना घर म्हणून काहीही चालतं या समजुतीने मुंबईत माणसांचे हाल झाले आहेत. चेंबूरजवळ माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांना पाठवलं गेलं. तिथल्या हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये नोंदवलं. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने तिथे राहायची सक्ती करू नये असं सांगून पर्यायी घर मिळेपर्यंत महिना 15,000 रुपये भाडं द्यायला लावलं. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि तिथे क्षयरोगाचं प्रमाण का जास्त आहे हे डॉक्टरांनी अभ्यासून दाखवलं आहे. घरांच्या बाजूने उभं राहणाऱ्याने अशा आरक्षणावर स्वतः आधी हरकत घ्यावी.

सूचनेचा मसुदा

एका अर्जात एकच जागा. अर्ज आरक्षणानुसार लावले जातात. तीन जागा एका पत्रात लिहिल्या की दोन हरवतात. एक पान पुरतं. साचा असा:

‘प्रति, मा. आयुक्त / नगररचना अधिकारी. विषय: प्रारूप विकास योजना, कलम 26 अन्वये सूचना. मौजे …, स.नं. … हिस्सा …, सीटीएस …, शीट क्र. …, आरक्षण क्र. … (ईडब्ल्यूएस घरे) कायम ठेवणेबाबत.

सदर आरक्षण … चौ.मी. या पूर्ण क्षेत्रासह कायम ठेवावे. कारणे: (1) जागेला प्रत्यक्ष … मीटर रुंद रस्ता आहे, छायाचित्र 1. (2) महापालिकेची शाळा … मीटरवर व बसथांबा … मीटरवर आहे, भाग नकाशावर खूण केली आहे. (3) जागा निळ्या पूररेषेबाहेर आहे. आरक्षण हलवायचे ठरल्यास त्याच प्रभागात तेवढ्याच क्षेत्राची, 9 मीटर किंवा अधिक रुंद रस्त्यावरील जागा सर्व्हे क्रमांकासह प्रस्तावित केल्याशिवाय सध्याचे आरक्षण वगळू नये. मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे.’

शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. ‘आमचा घरांना विरोध नाही, फक्त दुसरीकडे हलवा’ ही मागणी समंजस वाटते, पण ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे, हे कागदावर नसलं की हलवणं म्हणजे रद्द करणंच ठरतं. समितीने नवा सर्व्हे नंबर लिहावा, हा आग्रह धरा.

दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ई-मेलने पाठवलं तरी छापील प्रत देऊन पोच घ्याच. झेरॉक्स अर्ज देऊ नका. एकाच मजकुराचे दोनशे अर्ज एकत्र बांधून एकच सामूहिक सुनावणी होऊ शकते. त्यापेक्षा वेगवेगळ्या माणसांचे, आपापल्या कारणांचे पंधरा अर्ज जास्त टिकतात: रिक्षाचालक, परिचारिका, सफाई कामगार, त्याच सोसायटीतले निवृत्त शिक्षक. सोसायटीतून आलेला पाठिंब्याचा एक अर्जही विरोधाची एकजूट मोडतो. त्यासाठी एखाद-दोन घरी चहाला बसावं लागलं तरी बसा.

विरोधाच्या मुद्द्यांना उत्तर

‘पाणी पुरणार नाही’ हा मुद्दा जवळजवळ प्रत्येक हरकतीत असतो, त्याला आकड्यांनीच उत्तर द्या. उदाहरणाला खासगी प्रकल्पातली लहान घरं घ्या. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत 4,000 चौ.मी. किंवा मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात मूळ एफएसआयच्या 20 टक्के क्षेत्र लहान घरांना द्यावं लागतं, आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. 4,000 चौ.मी. गुणिले 1.10 म्हणजे 4,400. त्याचे 20 टक्के 880 चौ.मी. एका घराला साधारण 40 चौ.मी. बांधकाम धरलं तर 22 घरं. घरटी पाच माणसं, म्हणजे 110. माणशी 135 लिटर या प्रमाणाने रोज 14,850 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा दीड टँकर. एवढ्याने प्रभागाचं पाणी आटत नाही. तुमच्या जागेचे आकडे घालून हाच हिशेब पानावर मांडा.

मात्र तेवढ्याच बांधकामात मोठ्या फ्लॅटपेक्षा लहान घरांत माणसं जास्त राहतात, हे नाकारू नका. नाकारलंत तर पुढचं काहीच कुणी ऐकणार नाही. जलवाहिनी आणि मलवाहिनीची क्षमता वाढवण्याची अट आरक्षणासोबत घालावी, असं तुम्हीच सुचवा.

‘पार्किंगचा बोजवारा उडेल’ म्हणणाऱ्यांना नियमावलीतला पार्किंगचा तक्ता दाखवा. 30 चौ.मी.हून लहान घरासाठी मोटारीची जागा धरलेलीच नाही, दुचाकीची धरली आहे. गाड्या मोठ्या फ्लॅटसोबत येतात.

‘फ्लॅटचे भाव पडतील’, ‘कुठले कुठले लोक येतील’ हे नियोजनाचे मुद्दे नाहीत. त्यांना उत्तर देत बसू नका. ‘हा मुद्दा भूवापराशी संबंधित नाही, विचारात घेऊ नये’ एवढं एक वाक्य लेखी द्या आणि पुढे जा.

संख्येचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्या. मुलुंड पूर्वेत प्रकल्पग्रस्तांसाठी 7,439 घरं एकाच भागात आणायच्या प्रस्तावाला मोठा विरोध झाला. इतकी घरं एका ठिकाणी आणली की शाळा, रस्ते, दवाखाने यांवरच्या ताणाचा मुद्दा खराच असतो. तीच घरं प्रत्येक प्रभागात शे-दोनशेच्या तुकड्यांनी विखुरली तर शाळा-दवाखान्यांना झेपतात आणि माणसंही कामाजवळ राहतात. डीपीत एकच भलंमोठं आरक्षण दिसलं तर ते विभागून मागणं हीसुद्धा चांगली सूचना आहे.

सुनावणी

कलम 28 खालच्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. बोलावणं ऐनवेळी येतं, म्हणून अर्जावर फोन नंबर स्पष्ट लिहा आणि कार्यालयात लावलेली यादी अधूनमधून पाहत जा. वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. सुरुवात आरक्षण क्रमांक आणि शीट क्रमांकाने करा, म्हणजे समितीसमोर नकाशा उघडला जातो. मग रस्ता, शाळा, पूररेषा आणि पाण्याचा हिशेब, याच क्रमाने. समोर बसलेल्या विरोधकांशी वाद घालू नका. बोलायचं ते समितीशी. घरकाम करणाऱ्या बाई आल्या असतील तर त्यांना आधी बोलू द्या. त्याच दिवशी लेखी म्हणणं देऊन पोच घ्या, कारण पुढे शासनाकडे फाइल जाते तेव्हा तोंडी बोललेलं त्यात नसतं.

नियमच बदलत असेल तेव्हा

शासन नियमावलीतला फेरबदलही कलम 37 खालीच प्रसिद्ध करतं, त्यावरही सूचना द्या. 20 टक्क्यांच्या नियमाला बगल द्यायची नेहमीची युक्ती म्हणजे 4,000 चौ.मी.च्या भूखंडाचे 3,900 आणि उरलेला असे तुकडे पाडून दोन वेगळे प्रस्ताव देणं. तुकडे पडण्याआधीचं मूळ क्षेत्र धरून नियम लावावा, अशी सूचना नेमक्या शब्दांत करा. जुना सातबारा आणि फेरफार नोंदी जोडून असे भूखंड दाखवून देता आले तर उत्तमच.

मंजुरीनंतर

आरक्षण टिकलं तरी जमीन ताब्यात आलेली नसते. डीपी अमलात आल्यापासून 10 वर्षांत संपादन झालं नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत महापालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. तुमच्या प्रभागातल्या प्रत्येक आरक्षणापुढे ही तारीख लिहून ठेवा. आठवं वर्ष लागलं की भूसंपादनासाठी तरतूद मागणारं पत्र आयुक्तांना द्या आणि प्रत नगरसेवकाला द्या. महापालिकेचा अर्थसंकल्प मार्चच्या आधी ठरतो, तेव्हा हे पत्र डिसेंबर उजाडायच्या आत पोचायला हवं.