कॅपची कड कशी घासायची

माझ्या खालच्या दाढेवरची धातूची कॅप नऊ वर्षं टिकली आणि एका सकाळी चूळ भरताना टण्णकन बेसिनमध्ये पडली. उचलून पाहिली तर चकचकीत, कुठे ओरखडाही नाही. खालची दाढ मात्र कडेकडेने तपकिरी आणि ओल्या खडूसारखी भुसभुशीत. घासत नव्हते असं नाही. इमानेइतबारे घासत होते, पण कॅपचा माथा. आणि धातूला काही कीड लागत नाही.

कीड शिरते ती धातू आणि दाताच्या सांध्यातून. कॅप संपते तिथे, हिरडीलगत, बारीकशी रेष असते. मऊ ब्रश साधारण 45 अंशांत तिरका धरायचा, केसांची टोकं त्या रेषेवर टेकवायची आणि जागच्या जागी हलके हेलकावे द्यायचे. जोर नको. जिभेकडची बाजू हमखास राहते, म्हणून मी सुरुवातच तिथून करते. पेस्ट साधी, फ्लोराइडवाली.

दोन दाढांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस. दोरा दाढेला कवटाळून हिरडीच्या जरा आत न्यायचा आणि खाली-वर करायचा. कॅप नुकतीच बसवली असेल तर दोरा वर खेचू नका, बाजूने सरकवून काढा. रोज त्याच जागी दोरा अडकून उसवत असेल, तर बहुधा कड खरखरीत झालीय किंवा उघडी पडलीय. माझा कित्येक महिने उसवत होता. मी ब्रँड बदलत बसले!

चांदी भरलेली दाढ काळपट दिसते म्हणून खरखरीत मंजनाने किंवा कोळशाच्या पुडीने उजळवू नका. तो काळेपणा बहुतेक वरवरचा, सल्फाइडचा. ओरखडे पडले की त्यांत जंतूंचा चिकट थर जास्त धरतो. साखर मिळाली की तो थर आम्ल तयार करतो; पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळू लागतं, आणि आम्लात धातूही लवकर गंजतो. दात पांढरे करायची पेरॉक्साइडची जेल वापरायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दाढेत भरतात ती चांदी म्हणजे मिश्रधातू, त्यात जवळपास निम्मा पारा असतो आणि पेरॉक्साइडमुळे तो थोडा जास्त सुटतो. टायटॅनियमचं इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ) असेल तर आम्लयुक्त फ्लोराइड जेल लावण्याआधी तसं सांगा. रोजच्या पेस्टची मात्र धास्ती नको.

आणि एक, जरा किळसवाणं: फ्लॉस फेकण्याआधी हुंगा. नीट साफ करूनही रोज एकाच फटीतून कुजका वास येत असेल, तर कॅप पडायची वाट बघू नका.