फोरहँड नेटमध्ये जातोय? मनगट सोडा, आधी बूट बघा

टेबल टेनिसमध्ये खेळाडूचा फोरहँड टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) सारखा नेटमध्ये जायला लागला की आपणा प्रशिक्षकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं: ‘मनगट बघ!’ मीही कित्येक वर्षं हेच ओरडायचो. एकदा एका मुलीचं दोन जागांवरच्या फोरहँडचं ड्रिल चालू असताना सहज तिच्या बुटांकडे बघत राहिलो. चेंडू कोपऱ्यात गेला की उजवा पाय सरकायचा, डावा मात्र जागेवरच. पाय फाकलेले, खांदा पडलेला, आणि राहिलेलं अंतर ती हात लांबवून भरून काढायची. मनगटाचा बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता.

अशा वेळी स्ट्रोक दुरुस्त करत बसू नका. उजवीकडे जायचं तर ढकलायचं डाव्या पायाने, आणि दोन्ही पाय हलले पाहिजेत. सुरुवातीला पायांत जेवढं अंतर होतं, तेवढंच चेंडू मारतानाही हवं. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून आधी चेंडूशिवाय दहा-बारा वेळा करून घ्या, मग सावकाश फीड द्या, म्हणजे एकामागून एक चेंडू टाका. टाचा टेकल्यात का, एवढंच बघा. वजन चवड्यांवर नसेल तर पाय वेळेवर सुटतच नाही.

दुसरी चूक आपल्या हातची. समोर चेंडूंची टोपली आली की फीड देणाऱ्याला चेव चढतो. खेळाडूची बॅट परत समोर यायच्या आत पुढचा चेंडू टाकला की तो अर्धाच स्ट्रोक शिकतो, आणि तोच सामन्यात काढतो. खऱ्या रॅलीत चेंडू 2.74 मीटरचं टेबल ओलांडून जातो, मग परत येतो. तेवढा वेळ त्याला सावरायला मिळतो. ड्रिलमध्ये तो आपण का खायचा? लागोपाठ तीन चेंडू उशिरा लागले तर वेग उतरवा. वीस-पंचवीस चेंडूंनंतर थांबवा, कारण दमलेले पाय चुकीचीच पावलं पक्की करतात.

आता फाल्केनबर्ग ड्रिल. बॅकहँड कोपऱ्यातून बॅकहँड, तिथूनच वळसा घेऊन फोरहँड, मग थेट फोरहँडच्या टोकाला. तिसरा चेंडू सुटला की आपण ‘पळ, पळ!’ करतो. पण गडबड बहुतेक वेळा दुसऱ्या चेंडूवर झालेली असते. खेळाडू वळसा घेतच नाही, नुसता कमरेतून वाकून जागा करतो आणि मारून झाल्यावर डावीकडे कलंडतो. कलंडलेला माणूस पळणार कसा? डावा पाय टेबलाच्या डाव्या कडेबाहेर पडला पाहिजे आणि मारल्यावर तोल दोन्ही पायांवर. एवढं जमेपर्यंत तिसरा चेंडू टाकूच नका. फक्त पहिले दोन, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या चेंडूसाठी पाय एकमेकांवरून गेला तर रागावू नका. ‘पाय कधीच ओलांडायचे नाहीत’ हा नियम जवळच्या चेंडूंपुरता ठीक. इतक्या लांबच्या चेंडूला ओलांडतं पाऊलच लागतं.

प्रत्येक फटक्यानंतर ‘मध्यरेषेवर ये’ असं सांगणंही चूक. फोरहँडची पोच जास्त असल्याने साधारणपणे खेळाडूची जागा मध्यरेषेच्या थोडी डावीकडे येते. शिवाय आपण कोणत्या कोनात मारलं, त्यावर ती सरकते.

आणि कोपऱ्यांच्या नादात आपण कोपराचा चेंडू विसरतो. अंगावर, बॅटच्या हाताच्या कोपराकडे आलेला चेंडू फोरहँडने घ्यावा की बॅकहँडने, या घोळात भलेभले अडकतात. प्रतिस्पर्धी तिथेच मारणार. म्हणून दर पाच-सहा ठरलेल्या चेंडूंमागे एक न सांगता तिथे टाका. खेळाडू जागच्या जागी अंग चोरून मारतो की छोटं पाऊल घेऊन बाजूला होतो, बघा. माझ्याकडे पहिल्या दिवशी बहुतेकजण अंगच चोरतात.

हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांना डावं-उजवं उलटं करून सांगा. घाईत आपलीच जीभ अडखळते, म्हणून मी हल्ली ‘बॅटकडचा पाय’ असंच म्हणतो.