कोविड बरा झाला, रिपोर्ट मात्र पॉझिटिव्हच: या चुका टाळा

ताप उतरून आठवडा झाला, जेवण जातंय, पण आरटी-पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह. दुसऱ्या घरात याच्या उलट: रिपोर्ट निगेटिव्ह, पण महिना उलटला तरी ताप येतोय, दम लागतोय. पहिल्या रुग्णाला विनाकारण खोलीत कोंडलं जातं आणि दुसऱ्याला ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ म्हणून घरी बसवलं जातं. दोन्हीकडे गोंधळ एकच. विषाणूचे मेलेले अवशेष, जिवंत विषाणू आणि आजाराने शरीरात करून ठेवलेलं नुकसान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

निगेटिव्ह येईपर्यंत चाचणी करत राहणे

आरटी-पीसीआर विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याचे, तुकडे शोधते. विषाणू जिवंत आहे की नाही, हे तिला कळत नाही. मांडव उतरला तरी अंगणात बांबूंचे खड्डे राहतात, तसे हे तुकडे नाकाघशात आठवडेच्या आठवडे सापडू शकतात. काही रुग्णांत ते ८३ दिवसांपर्यंत सापडल्याची नोंद आहे. सौम्य आजारात मात्र संसर्ग पसरवू शकणारा विषाणू साधारण दहाव्या दिवसानंतर प्रयोगशाळेत वाढवता येत नाही.

दक्षिण कोरियाने मे २०२० मध्ये याचा पडताळा घेतला. बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांच्या ७९० संपर्कांचा माग काढला. त्यांच्यापासून नव्याने लागण झालेला एकही रुग्ण सापडला नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवून पाहिला, एकातही तो वाढला नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ४ मे २०२१ च्या सूचनेत स्पष्टच सांगितलं: एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नका, आणि बरा झालेल्या रुग्णाला घरी सोडताना चाचणीची गरज नाही. एखाद्या कार्यालयाने रुजू होण्यासाठी निगेटिव्ह रिपोर्ट मागितला, तर लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि ताप थांबल्याची तारीख लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र द्यावं. ते जास्त उपयोगाचं असतं.

सीटी व्हॅल्यूवरून स्वतःच निदान करणे

आधी एक घोळ मिटवू. आरटी-पीसीआरच्या रिपोर्टवरची सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसायला चाचणीची किती आवर्तनं लागली तो आकडा) आणि छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा २५ पैकी दिलेला स्कोअर यांचा एकमेकांशी संबंध नाही. स्कॅनचा स्कोअर जितका जास्त तितका फुफ्फुसाचा अधिक भाग बाधित. सीटी व्हॅल्यूचं उलट: आकडा जितका कमी, तितका नमुन्यात विषाणूचा आरएनए जास्त. साधारण ३.३ ने आकडा वाढला की आरएनए दहापटीने कमी झालेला असतो.

पण हा आकडा फार हळवा आहे. स्वॅब घेणाऱ्याने काडी नाकात पुरेशी आत नेली नाही, नमुना गरम गाडीत तासन् तास राहिला किंवा किट बदललं, की आकडा बदलतो. त्यामुळे एका लॅबचा २४ आणि दुसऱ्या लॅबचा २९ यांची तुलना करून ‘विषाणू कमी झाला’ म्हणण्यात अर्थ नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा २४ वर आणण्याचा विचार झाला होता. आयसीएमआरने ३५ हीच मर्यादा कायम ठेवली.

खोकला रेंगाळला म्हणून स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक

विषाणूजन्य आजारानंतरचा कोरडा खोकला तीन ते आठ आठवडे टिकू शकतो. श्वासनलिकेचं अस्तर सोललेलं असतं, खोकला यायला थंड हवा किंवा उदबत्तीचा धूरही पुरतो. त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

स्टेरॉइडचं प्रकरण जास्त धोक्याचं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. फायदा झाला तो ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांना. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. जुन्या चिठ्ठीवर तेच औषध आणून चालू ठेवलं, की रक्तातली साखर चढते आणि विषाणूला हटवणारी प्रतिकारशक्तीच दबते. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे (काळी बुरशी) रुग्ण वाढले, त्यात मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसली. दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम तोडूही नका. डोस डॉक्टरच उतरवतील.

खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की थुंकीची सीबीनॅट (क्षयरोगाची चाचणी) करून घ्या. ‘कोविडचाच खोकला’ म्हणत क्षयरोग दडून राहणं आपल्याकडे अगदी शक्य आहे.

खरा लांबलेला संसर्ग ओळखायला उशीर

आता दुसरी बाजू, आणि सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. बहुतेकांत विषाणू दोन आठवड्यांत संपतो, पण सगळ्यांत नाही. संधिवातासाठी किंवा लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींचा कर्करोग) रिटुक्सिमॅब हे औषध घेतलेले, रक्ताच्या कर्करोगाचे, किडनी प्रत्यारोपण झालेले, बळावलेला एचआयव्ही असलेले रुग्ण यांच्यात जिवंत विषाणू महिनोन् महिने वाढत राहू शकतो. रिटुक्सिमॅब अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी संपवतं आणि त्या परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर अँटिबॉडी जवळजवळ तयारच होत नाहीत. बॉस्टनमधल्या एका रुग्णात हा संसर्ग १५४ दिवस, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, टिकला आणि त्या काळात विषाणू त्याच्या शरीरातच बदलत गेला.

चित्र साधारण असं असतं: ताप जातो, पुन्हा येतो. रक्तातला सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण) वाढलेलाच राहतो. एका स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात खालचा डाग, तीन आठवड्यांनी तो पुसट आणि डावीकडे नवा. अँटिबायोटिक बदलून बदलून थकायला होतं. फसवणारी गोष्ट म्हणजे नाकाचा स्वॅब या काळात निगेटिव्ह येऊ शकतो, कारण विषाणू खाली फुफ्फुसात असतो. अशा वेळी ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुफ्फुस धुतलेल्या पाण्याची आरटी-पीसीआर करावी लागते. सोबत रक्तातलं एकूण आयजीजी (अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) आणि सीडी१९ ही खूण असलेल्या बी-पेशींची संख्या पाहिली की शंका पक्की होते. हे न करता ‘फुफ्फुसाची सूज’ समजून स्टेरॉइड वाढवलं, तर चार दिवस ताप पळतो आणि दुप्पट जोराने परततो.

उपचारांची एकच ठरलेली पद्धत नाही. पाच दिवसांचा नेहमीचा अँटिव्हायरल कोर्स इथे अनेकदा अपुरा पडतो, म्हणून तज्ज्ञ रेमडेसिवीर आणि निरमाट्रेलविर एकत्र किंवा जास्त दिवस देतात. निरमाट्रेलविरसोबतच्या गोळीतलं रिटोनाविर हे टॅक्रोलिमसची (प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) रक्तातली पातळी धोकादायक चढवतं. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने ही गोळी परस्पर कधीही सुरू करू नये.

कोविडच्या साथीतला दहा दिवसांचा विलगीकरणाचा नियम या रुग्णांना लागू नव्हता. त्यांच्यासाठी किमान २० दिवस, आणि शक्यतो ४८ तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह चाचण्या, असं सांगितलं गेलं होतं. वर सांगितलेला ‘पुन्हा चाचणी नको’ हा नियमही यांना लावायचा नाही.

ऑक्सिमीटर चुकीचा वापरणे

पाच मिनिटं बसा, हात गरम करा, नेलपॉलिश आणि मेंदी नसलेलं बोट वापरा. बसून आकडा ९४ किंवा जास्त असेल तर घरातल्या सपाट जागेवर सहा मिनिटं चाला, साठीच्या पुढे असाल तर तीन. कुणीतरी सोबत असू द्या. चालल्यावर आकडा ३ हून जास्त घसरला किंवा दम भरला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. बसून ९४ च्या खाली असेल तर चालण्याची परीक्षा न घेता थेट दवाखाना.

खोकल्यातून रक्त, एकाच पायाला सूज, छातीत अचानक कळ, गाल दुखून नाकातून काळपट स्राव, किंवा ताप पूर्ण जाऊन पुन्हा येणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जा. जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: पहिल्या लक्षणाची तारीख, पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टची तारीख, स्टेरॉइडचं नाव-डोस-दिवस, आणि रिटुक्सिमॅब किंवा केमोथेरपी घेतली असेल तर शेवटच्या डोसची तारीख. जुन्या स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्मही घ्या. डाग जागा बदलतोय का, हे त्याशिवाय पाहता येत नाही.