सिटी कौन्सिल आणि स्कूल बोर्डाच्या सभेत आपले म्हणणे कसे मांडावे

कॅलिफोर्नियातील लहान शहरात राहणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावे की सिटी कौन्सिल आणि स्कूल बोर्ड या दोन स्वतंत्र संस्था असून एकीचा दुसरीवर अधिकार चालत नाही. शाळेसमोरच्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग हवे असेल तर कौन्सिलकडे जावे लागते. शाळेची वेळ बदलून हवी असेल तर बोर्डाकडे. दोन्हींच्या सभा सर्वांना खुल्या असतात. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे व्हिसावर असलेल्या पालकांनी मुळीच संकोच करू नये.

स्थानिक संस्थांच्या सभा जनतेला खुल्या ठेवणाऱ्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आणि विशेष सभेची २४ तास आधी जाहीर करावी लागते. माझ्या मते खरे काम याच अवधीत होते. प्रत्येक महत्त्वाच्या विषयाला प्रशासनाचा अहवाल जोडलेला असतो. त्यातील शिफारशीचा परिच्छेद नीट वाचावा, कारण मतदान बहुधा त्याच शब्दांवर होते. आपले मत एका पानात लिहून, विषय क्रमांक घालून, सभेच्या आदल्या दिवसापर्यंत क्लार्कच्या कार्यालयात पोहोचवावे. घाईत ऐकलेल्या भाषणापेक्षा निवांत वाचलेल्या पत्राचा सदस्यांना अधिक उपयोग होतो. कन्सेंट कॅलेंडर मात्र नजरेतून सुटू देऊ नये: नेहमीचे म्हणून मानलेले अनेक विषय, त्यांत मोठी कंत्राटेही, तेथे चर्चेविना एकाच मतदानात मंजूर होतात. एखादा विषय त्यातून वेगळा काढून चर्चेस घ्यावा, अशी विनंती आधीच करावी.

बोलण्यासाठी साधारणतः तीन मिनिटे मिळतात आणि वक्ते बरेच असल्यास अध्यक्ष वेळ कमी करतात; म्हणून मागणी पहिल्याच वाक्यात यावी. ‘विषय क्रमांक ७. या चौकात चारही बाजूंना स्टॉपची पाटी बसवावी, अशी माझी विनंती आहे,’ एवढे म्हणून मग कारणे सांगावीत. इंग्रजीत बोलणे अवघड वाटणाऱ्या आजी-आजोबांनी दुभाषा सोबत न्यावा. एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा सभागृहात नसेल, तर अशा वक्त्याला किमान दुप्पट वेळ देणे कायद्याने बंधनकारक आहे. ही तरतूद आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

विषयपत्रिकेवर नसलेला प्रश्नही नियमित सभेत मांडता येतो. त्यावर सदस्य जवळजवळ काहीच बोलत नाहीत, पण ती उपेक्षा नव्हे. जाहीर न केलेल्या विषयावर चर्चा किंवा निर्णय करण्यास कायद्याची मनाई आहे. अशा वेळी तो विषय पुढील सभेच्या पत्रिकेवर घ्यावा, एवढेच स्पष्ट शब्दांत मागावे.

पैशाचा प्रश्न असेल तर वसंत ऋतूतच जाणे सुरू करावे. शाळांचा अर्थसंकल्प १ जुलैपर्यंत मंजूर करावा लागतो, आणि जूनच्या सभेत आकडे समोर येतात तेव्हा बहुतेक तरतुदी ठरून गेलेल्या असतात.