बॅले शिकवण्यात मास्टर्स करायला निघालात? या चुका टाळा

दिवाळी झाली की माझ्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या बॅले क्लासमध्ये एखाददुसरी मुलगी हमखास येते. ‘ताई, लंडनला नाहीतर न्यूयॉर्कला बॅले टीचिंगमध्ये मास्टर्स करायचंय, जरा सांगा ना.’ मी विचारते, ‘आजवर किती वर्ग नुसते बसून पाहिलेस?’ त्यावर गप्प. स्प्लिट कुठवर आलाय, पिरूएट, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, किती होतात, हे मात्र पाठ असतं.

सगळ्यांत मोठी चूक हीच. आपलं नाचणं घासूनपुसून लख्ख करायचं आणि डोळ्याला कधी कामच द्यायचं नाही.

मला याचा फटका बसलाय. लंडनला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच सत्रात सात-आठ वर्षांच्या मुलांना डेमी-प्लिए, म्हणजे गुडघे अर्धे वाकवणं, शिकवायचं होतं. टाचा जमिनीवर, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, पाठ सरळ. मी पुढे उभी राहून मन लावून करून दाखवलं, मुलांनी केलं, वर्ग संपला. मागे बसलेल्या मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं, ‘दुसऱ्या रांगेत डावीकडची मुलगी काय करत होती?’ मला सांगता येईना. वीस मिनिटं मी आरशात स्वतःलाच बघत होते. त्या मुलीनं पावलं जबरदस्तीनं बाहेर फिरवली होती, दोन्ही तळव्यांची कमान आत कोसळली होती आणि वाकताना गुडघे अंगठ्याच्याही आत येत होते. टर्नआउट, म्हणजे पायांचं बाहेर वळणं, खुब्यातून यायला हवा, मांडीचं हाड फिरून. ते न फिरता नुसतं पाऊल फिरवलं की पीळ बसतो गुडघ्याला. आणि मी पुढून ‘पाय अजून उघडा’ म्हणत तिला तिकडेच ढकलत होते.

तेव्हापासून शिकवताना माझी आरशाकडे पाठ असते. एकदा करून दाखवायचं, मग खोलीभर फिरायचं, आणि एका वेळी शरीराचा एकच भाग बघायचा. आधी सगळ्यांची पावलं, मग गुडघे, मग खांदे. निघण्याआधीचे सहा महिने तुम्हीही एवढंच करा. ठाण्यात बॅलेचे वर्ग मोजके, पण भरतनाट्यमचे गल्लोगल्ली आहेत. एखाद्या गुरूंची परवानगी काढून मागे सतरंजीवर बसा. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीतही, तोच खुबा, तोच गुडघा आणि बहुतेक वेळा तीच चूक दिसते. वहीत लिहा: कुठली मुलगी, कुठला पाय, गुरू काय म्हणाल्या, आणि त्यानंतर खरंच काही बदललं का. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. यूट्यूब पाहून हे येत नाही, कारण काय बघायचं ते तिथे दुसऱ्यानं आधीच निवडलेलं असतं.

दुसरी मला अगदी न खपणारी गोष्ट म्हणजे पद्धतींची खिचडी. एक कार्यशाळा इथली, एक तिथली, आणि दोन आठवड्यांत ‘सर्टिफाइड’. माझ्या एका विद्यार्थिनीनं प्रवेशाच्या नमुना वर्गात ‘थर्ड अराबेस्क’ (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणायची तिसरी स्थिती) म्हटलं आणि अर्ध्या खोलीनं एक केलं, उरलेल्यांनी दुसरंच. चूक त्यांची नव्हती. रशियन वागानोवा पद्धतीत अराबेस्क चार, इटालियन चेकेत्ती पद्धतीत पाच, आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या अभ्यासक्रमात तीन. हातांचंही तसंच: वागानोवाच्या पहिल्या स्थितीत हात पुढे गोलाकार असतात, चेकेत्तीच्या पहिल्या स्थितीत ते बाजूला खाली. ती बिचारी तिन्ही थोडं थोडं शिकली होती आणि एकही शिकवू शकत नव्हती. आधी एकच पद्धत मुळापासून धरा, आणि अर्ज करण्यापूर्वी तिथे कुठली चालते ते बघा. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या स्टाइनहार्ट स्कूलमधला अभ्यासक्रम अमेरिकन बॅले थिएटरच्या अध्यापनपद्धतीशी जोडलेला आहे. तिथे जाऊन ‘पण आमच्याकडे असं नव्हतं’ म्हणण्याला अर्थ नाही.

संगीताचं सांगायलाच हवं. आपण ब्लूटूथ स्पीकरवर वाढलो. तिथे वर्गात पियानोवादक बसलेला असतो आणि तो तुमच्याकडे बघतो. किती मात्रांचं, लय काय, सुरुवातीला किती मोजून द्यायचं, हे तुम्ही बोलून किंवा टाळी देऊन सांगायचं असतं. वॉल्ट्झ तीनात चालतो. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा मोजायची सवय असेल तर अर्धं काम झालं. मी ठाणे ते दादर लोकलमध्ये मनातल्या मनात प्लिए मोजत जायचे.

दहा वर्षांच्या मुलीला पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक बूट) घातले, हे अर्जात मिरवू नका. पावलाची हाडं त्या वयात अजून वाढत असतात. मी बाराच्या आत देत नाही, आणि त्यानंतरही घोट्याची ताकद बघूनच. आईवडील रुसले तर रुसू देत.

क्लबहाउसच्या टाइल्सवर उड्यांचा सराव नको. खाली काँक्रीट असतं आणि नडगी दुखायला लागते.

भाड्याला हातभार म्हणून तिथे खासगी वर्ग घ्यायचा बेत असेल, तर आधी व्हिसाच्या अटी वाचा. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि स्वतःचा व्यवसाय तर करताच येत नाही. रोख पैसे घेऊन शिकवलेली शेजाऱ्याची मुलगीसुद्धा त्यातच आली. ‘सगळेच करतात’ हे मला सांगू नका. त्या वर्गाच्या चार पैशांपायी अख्खं शिक्षण पणाला लागतं.

आणि मुलांच्या अंगाला हात लावणं. आपल्याकडे बाई न विचारता पाय धरून फिरवतात. तिथे आधी विचारावं लागतं, आणि मला ते पटलंय. ‘मी तुझ्या गुडघ्याला हात लावू का?’ हे वाक्य इथल्याच मुलांसमोर म्हणायला लागा. परत आल्यावर मी पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा वर्गातली सहा वर्षांची चिमुरडी ‘नको’ म्हणाली, खाली आपल्या पायाकडे बघितलं आणि गुडघा स्वतःच बोटांच्या रेषेत आणला.