गोचिडीने दिलेला आजार आणि अमेरिकी माजी सैनिकाचा दावा

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडल्यावर गुडघा सुजू लागतो, थकवा हटत नाही आणि तपासणीत लाइम रोग, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा संसर्ग, निघतो. हा आजार सेवेत असताना जडला असेल, तर व्हीए म्हणजे तिथलं माजी सैनिकांचं खातं दरमहा भरपाई देतं. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंमुलीही सैन्यात जातात, म्हणून ही वाट नीट सांगतो.

सुरुवातीला फॉर्म २१-०९६६ भरून दावा करण्याचा इरादा नोंदवा. त्यानंतर पूर्ण दाव्यासाठी एक वर्ष मिळतं, आणि मंजुरी मिळाल्यास भरपाई सहसा या नोंदीच्या तारखेपासून धरली जाते. कागद जमले नाहीत म्हणून ही नोंद लांबवू नका.

मग पुरावे. आज आजार आहे, सेवेत त्याचं कारण घडलं आणि या दोहोंचा संबंध आहे, हे तिन्ही दाखवावं लागतं. अडचण दुसऱ्यापाशीच सुरू होते. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, चावलेलं कळतही नाही; अंगावर गोल लाल चट्टा सगळ्यांना उठतोच असं नाही. म्हणून नेमणुकीची नोंद काढा: कनेक्टिकट, न्यूयॉर्क, विस्कॉन्सिन अशा गोचिडींच्या भागात रानात सराव झाला होता का? तेव्हा ताप किंवा पुरळ आल्याची नोंद दवाखान्याच्या कागदांत शोधा. सोबतच्या जवानाने पाहिलं असेल, तर त्याचं निवेदन फॉर्म २१-१०२१० वर घ्या.

संबंध दाखवायला डॉक्टरांचं पत्र लागतं. ‘असू शकेल’ एवढ्यावर भागत नाही. सेवेतले कागद वाचून, ‘सेवेशी संबंध असण्याची शक्यता निदान ५० टक्के आहे’ असं त्यांनी कारणांसह लिहायला हवं. संसर्ग ताजा असताना रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते. जुना तसा अहवाल असेल तर पत्रात त्याचाही खुलासा मागा.

दाव्याचा मुख्य फॉर्म २१-५२६ईझेड. त्यात नुसतं ‘लाइम’ लिहून थांबू नका. संसर्ग सक्रिय असेपर्यंत १०० टक्के अपंगत्व धरतात. तो ओसरल्यावर मागे राहिलेल्या त्रासाचं स्वतंत्र मोजमाप होतं. सांधे, चेहऱ्याचा लकवा, हृदयाचे ठोके, जे असेल ते वेगवेगळं नोंदवा. व्हीएने बोलावलेली वैद्यकीय तपासणी चुकवू नका, आणि तिथे त्रास सोसून हसतमुख राहू नका.

दावा नाकारला, तर निर्णयपत्रात तिन्हींपैकी काय कमी पडलं ते शोधा. १९ फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा आहेत. डॉक्टरांचं पत्रच नव्हतं? ते मिळवा आणि नव्या पुराव्यासह पूरक दावा करा, फॉर्म २०-०९९५. पुरावा होता पण नीट वाचला गेला नाही? वरिष्ठांकडून फेरतपासणी मागा, फॉर्म २०-०९९६. इथे नवा कागद चालत नाही. तिसरी वाट अपील मंडळाची, फॉर्म १०१८२. तिथे न्यायाधीशांपुढे सुनावणीही मागता येते. कुठलीही वाट एका वर्षाच्या आत धरा, म्हणजे मूळ तारीख टिकते. मंडळानेही नाकारलं तर माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अपील न्यायालयात जायला १२० दिवस असतात.

हे एकट्याने करू नका. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात. पहिला निर्णय येण्याआधीच कुणी दाव्यासाठी फी मागत असेल, तर त्याच्याकडून उठून या.