टायनीडीएनएसवरून बाइंडवर जाताना सीरियल नंबर आधी बघा

नव्या नोकरीत जुना टायनीडीएनएस (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर) वाट्याला आला आणि 'हे बाइंडवर घ्या' (बाइंड हा तसाच दुसरा सर्व्हर) असा निरोप आला, तर लगेच पर्लची स्क्रिप्ट लिहायला बसू नका. डेटा फाइल दिसते सोपी, पण टिंबाने सुरू होणारी एकच ओळ एसओए (झोनची, म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या नोंदींची, मूळ माहिती), एनएस (नेमसर्व्हरचं नाव) आणि पत्ता असेल तर ए (त्याचा आयपी पत्ता), असे तीन रेकॉर्ड बनवते. ॲक्सफरडीएनएस (टायनीडीएनएससोबतचा, पूर्ण झोन देणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने सरळ पूर्ण झोन ट्रान्सफर करून घ्या. नावं शेवटच्या टिंबासकट मिळतात. एसओए शेवटी पुन्हा येतो, तेवढा काढायचा. (लोकेशननुसार वेगळी उत्तरं दिली जात असतील, तर ती एका ट्रान्सफरमध्ये येणार नाहीत.)

आता खरा सापळा. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. टायनीडीएनएसच्या फाइलमध्ये सहसा सीरियल (एसओएमधला, झोनची आवृत्ती सांगणारा आकडा) लिहिलेला नसतो, म्हणून तो नाहीच असं वाटतं. पण तो असतो: फाइल शेवटची बदलल्याची वेळ, १९७० पासूनच्या सेकंदांत. १ जानेवारी २०२५ ची फाइल असेल तर १७३५६८९६००. दुय्यम सर्व्हरने (मुख्य सर्व्हरकडून झोनची प्रत घेऊन उत्तरं देणाऱ्याने) हाच आकडा लक्षात ठेवलेला असतो. तुम्ही बाइंडच्या नव्या झोनमध्ये १ लिहिलंत, की त्याला आपलीच प्रत नवी वाटते आणि तो ट्रान्सफर घेतच नाही. नेम्ड-चेकझोन (बाइंडचं झोन फाइल तपासणारं साधन) 'ओके' म्हणतं, मुख्य सर्व्हर बरोबर उत्तरं देतो, आणि निम्म्या लोकांना जुना पत्ता मिळत राहतो. पुन्हा सांगतो: फक्त मुख्य सर्व्हर तपासून घरी जाऊ नका. प्रत्येक नेमसर्व्हरला नाव घेऊन एसओए विचारा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवा.

घाबरू मात्र नका, उपाय एका ओळीचा आहे. २०२५०६०१०१ असा तारखेचा सीरियल (वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातल्या बदलाचा क्रमांक) लिहा. तो सेकंदांच्या आकड्यापेक्षा मोठाच असतो. उलट दिशेने, म्हणजे तारखेवरून सेकंदांवर जाताना, तो लहान होतो. तिथे दुप्पट सावध राहा.

'चालतंय ना, मग हात लावू नकोस' म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा लॉग उघडून शेजारी बसणारा शोधा. दुय्यम सर्व्हर बाइंड असेल तर सीरियल लहान असल्याची तक्रार त्याच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेली असते.

नेमसर्व्हरचा पत्ता बदलणार असेल तर जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. टीटीएल (इतरांनी उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा) दिलेला नसेल तर टायनीडीएनएस एनएस रेकॉर्डना २५९२०० सेकंद, म्हणजे तीन दिवस देतो.